काजीमानची जेठी बंद पडते

शुक्रवारी दुपारी काजीमान मोक्तानने आपल्या जीपच्या बोनेटवर प्रेमाने थाप मारली आणि तिच्या कानात, म्हणजे डाव्या आरशात, सांगितलं, "हे बघ, उद्या तुला वेगळं काहीच करायचं नाहीये. रोज करतेस तेच करायचं. बंद पडायचं! बाकी सगळं मी बघतो."

आणि मंडळी, यात काळजी करण्यासारखं खरंच काही नव्हतं. बंद पडण्यात त्या जीपचा हात धरणारी गाडी मानेभंज्याङच्या अख्ख्या डोंगरगावात नव्हती. थंडी असली की ती थंडीमुळे बंद पडे, ऊन असलं की उन्हामुळे. चढावर दम लागला म्हणून थांबे, उतारावर दम खायला थांबे. एकदा तर समोरून येणारी दुसरी गाडी बंद पडलेली बघून ही निव्वळ सहानुभूतीने बंद पडली होती!

जन्म १९५४ सालचा, विलायतेतला. चहाच्या मळ्यावरच्या साहेबाने ती बोटीतून आणली, आणि साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा ती आपल्या ड्रायव्हरला, काजीमानच्या बापाला, देऊन गेला. काजीमानचं लग्न व्हायच्या कितीतरी आधी ती घरात आलेली. म्हणून सगळा बाजार तिला जेठी म्हणे, म्हणजे घरातली थोरली. आणि काजीमानची बायको बुद्धिमाया ही ओघानेच कान्छी, म्हणजे धाकटी!

या धाकटीनेच थोरलीला विकायला काढलं होतं.

तिचंही काही चुकत नव्हतं. गेल्या माघात जेठी काळीपोखरीच्या वर बर्फात रुतून बसली, ती दोन दिवस हललीच नाही. काजीमान आणि डोंगर बघायला आलेले तीन पाहुणे एका गोठ्यात चौंरी, म्हणजे याकच्या संकराच्या केसाळ, गाईंना टेकून बसले, म्हणून जगले. तिसऱ्या दिवशी तो घरी परतला तेव्हा बुद्धिमाया खिडकीतच बसलेली होती.

"बुढा," ती म्हणाली, "पहिली रात्र मी देवाचं नाव घेतलं. दुसरी रात्र तुमच्या गाडीला शिव्या दिल्या. खरं सांगते, शिव्यांनी जास्त बरं वाटलं!"

"अगं, पण आलो ना परत?"

"आलात. पुढल्या माघात याल का? चौसष्ट वय झालंय तुमचं. तिचं सत्तरच्या वर गेलंय. दोघांपैकी एकजण तरी धडधाकट पाहिजे की नको? नवी बोलेरो घ्या. नाहीतर मी निघाले सुखियाला, भावाकडे. तिथल्या खिडकीतून निदान रस्ता तरी दिसत नाही!"

वर्षभराची निम्मी कमाई जेठी खात होती, हेही खरंच होतं. तीन मुलगे कॉलेजात घातले असते तरी एवढं खाल्लं नसतं त्यांनी. काजीमानने मान डोलावली. बुद्धिमायाने पाहुण्यांकडून पत्ता मिळवून कोलकात्याला पत्रही धाडलं. तिकडे कोणी हालदारबाबू होते, त्यांना जुन्या गाड्यांचा शौक होता. हालदारबाबूंनी कळवलं, शनिवारी येतो, गाडी चित्रे गावच्या चढावर चालवून बघतो, पसंत पडली तर लगेच घेतो.

त्या दिवसापासून काजीमानच्या घशाखाली तांदळाच्या पिठाची गोड सेलरोटीही उतरेना. तो जेठीत नुसता जाऊन बसे. याच मागच्या फळीवर बुद्धिमाया नवरी होऊन बसली होती. गाऱ्हीबासच्या चढावर वऱ्हाड उतरून ढकलत होतं, आणि नवरीसुद्धा शालू खोचून ढकलायला उतरली होती! याच फळीवर, काळीपोखरीच्या वळणाला, त्यांची पोरगी प्रबिना जन्मली. तेव्हाही जेठी बंदच होती म्हणा. पण बंद होती म्हणून तर पोरगी हादऱ्यांशिवाय सुखाने जन्मली! आणि गियरच्या दांड्यावरची ती अक्रोडाची मूठ. मूळची मूठ फुटली तेव्हा बापाने स्वतः कोरून बसवलेली. तिला बापाच्या तळव्याचा खळगा पडला होता. काजीमानने हात ठेवला की त्याचा तळवा बरोबर त्या खळग्यात बसे. बाप जाऊन एकवीस वर्षं झाली होती, पण रोज सकाळी हातात हात मिळत होता.

ती मूठ कोलकात्याला जाणार? छे!

म्हणून शुक्रवारी दुपारी ते आरशातलं कुजबुजणं.

शनिवारी सकाळी हालदारबाबू भाड्याच्या गाडीने उगवले. डोक्याला माकडटोपी, गळ्यात दोन मफलर, हातात भिंग. काजीमानने हँडल इंजिनात घातलं आणि खुशीत फिरवलं. एरवी बाविसाव्या फटक्याला खोकणारी जेठी पहिल्याच फटक्याला सुरू झाली!

काजीमानने तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीने भर मांडवात वेगळ्याच मुलाला माळ घातली.

"आहा!" हालदारबाबू म्हणाले.

"बाबू, छत गळतं हिचं," काजीमान घाईने म्हणाला.

"गळणारच! मूळचं कापड आहे ना!"

"हे दार दोरीने बांधलंय."

हालदारबाबूंनी भिंग लावलं. "दोरी कुठल्या सालची?"

"ब्रेक लागतात, पण आदल्या वळणापासून दाबावे लागतात."

"अस्सल!" हालदारबाबूंचे डोळे पाणावले. "माझ्याकडे सात गाड्या आहेत, काजीमानबाबू. सगळ्या बाटलेल्या! नवे सुटे भाग, नवा रंग. अशी अस्पर्श गाडी मी उभ्या जन्मात पाहिली नाही!"

मागच्या फळीवर आलूदमचा डबा मांडीवर घेऊन बुद्धिमाया बसली होती. सौदा डोळ्यांदेखत झालेला तिला बघायचा होता. "निघा आता," ती म्हणाली. "गाडीची निंदा करायला तुम्हाला आजच कसं काय सुचलं?"

निघाले. मानेभंज्याङहून चित्र्याचा चढ म्हणजे भिंतच, फक्त वळणं असलेली. जेठी तो चढ अशी चढली की जणू वर तिचं माहेर होतं! काजीमानने मुद्दाम चुकीचा गियर टाकला. तिने तो गोड मानून घेतला. खड्ड्यात घातली, तिने खड्डा ओलांडला. चित्रे मागे पडलं, तसे हालदारबाबू खिशात हात घालत म्हणाले, "पुरे! मला पसंत आहे. इथंच बोलणं पक्कं करू या."

काजीमान घाईने म्हणाला, "बाबू, एक मिनिट. इंजिन तापलंय, पाणी बघतो." त्याने गाडी थांबवली, बोनेट उघडलं, आणि बोनेटाआड ते पाप केलं. इंजिनात अंगठ्याएवढा एक काळा तुकडा असतो, रोटर म्हणतात. तो काढला की ठिणगी पडत नाही, मग साक्षात ब्रह्मदेवाने हँडल मारलं तरी गाडी सुरू होत नाही. काजीमानने तो काढला आणि टोपीखाली दडवला.

"बंद पडली!" तो ओरडला. इतक्या आनंदाने ओरडला की बुद्धिमायाने मान वर करून पाहिलं.

इथपर्यंत बेत झकास होता. पण चाळीस वर्षं त्या रस्त्यावर गाडी चालवलेला हा माणूस एक गोष्ट साफ विसरला. त्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीला ओलांडून कोणी पुढे जात नाही! कायदा नाही, पाटी नाही, पण जात नाही. थांबायचं, उतरायचं, हात काळे करायचे आणि ती सुरू झाली की मगच आपल्या वाटेला लागायचं. एक ड्रायव्हर फार वर्षांपूर्वी तसाच पुढे गेला होता म्हणतात. त्याच्या लग्नाला एकही गाडी आली नाही. नवरदेव नवरीला पाठुंगळीला घेऊन अकरा मैल चालला, आणि ती नवरी वजनाने काही कमी नव्हती!

काजीमान स्वतः हजार वेळा असा थांबला होता, आणि जेठीसाठी लोक दोन हजार वेळा थांबले होते. पण खोटं बंद पडणं त्या डोंगरात आजवर कोणालाच सुचलं नव्हतं. त्यामुळे त्यावर उपायही नव्हता!

पाचच मिनिटांत खालून छिरिङ योन्जनची जीप आली आणि मागे थांबली.

"काय दाजू, सकाळी सकाळी?" धाकटे ड्रायव्हर काजीमानला दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत.

"काही नाही रे छिरिङ. तू हो पुढे."

"पुढे?" छिरिङने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप आहे का तुला? सरक!" आणि त्याने डोकं आत घातलं. "ठिणगी नाही. अरेच्चा, रोटरच नाही की!"

"पडला असेल कुठेतरी," काजीमान टोपी घट्ट दाबत म्हणाला. "आता कुठला मिळतोय! जाऊ दे."

"जाऊ दे काय? माझ्या सीटखाली आहे ना! सहा वर्षं जपलाय, अशाच वेळेसाठी." छिरिङने रोटर बसवला, हँडल मारलं, आणि जेठी सुरू!

"झालं काम," हालदारबाबू हसले. हात पुन्हा खिशाकडे गेला.

"पण ताकद नाही!" काजीमान किंचाळला. "ऐका, ऐका आवाज! आतून पोकळ येतोय!"

तोवर आणखी दोन जीपा थांबल्या होत्या. ताकद नाही म्हटल्यावर एकाने कार्बोरेटर उघडला. "मेलाय हा!" त्याने आपला साठवणीतला काढून बसवला. ताकद आली. तेव्हा काजीमानला धूर दिसला. कोणालाच दिसत नव्हता, पण दाजू म्हणतोय म्हणजे असणार! म्हणून पेट्रोलचा पंप बदलला. मग स्टिअरिंग थरथरतंय असं त्याच्या लक्षात आलं. खरं तर हातच थरथरत होते. मग तेही खोललं. काजीमान जितका खोटं बोले, तितकी जेठी सुधारे!

वरूनही गाड्या येऊन थांबत होत्या. अकरा जीपा झाल्या. एका जीपमध्ये लग्नाचं वऱ्हाड होतं. ते खाली उतरून डफासारखा डंफू वाजवून नाचू लागलं. पाहुणे फोटो काढू लागले. कोणीतरी तीन दगड मांडून चहा चढवला. बुद्धिमायाचा आलूदम कधी संपला ते तिलाही कळलं नाही. नवरदेव तर गाडीखाली झोपून नट आवळत होता!

आणि काजीमानला एक गोष्ट कळून चुकली. आता खरं सांगायची सोय उरली नव्हती. अकरा जणांनी आपापल्या सीटखालची पुंजी रिकामी केली होती. "गंमत केली रे" म्हटलं असतं, तर उद्यापासून या रस्त्यावर त्याच्यासाठी कोणी थांबलं नसतं. जेठी तर जाणारच होती, आता तोंड दाखवायची जागाही जाणार होती. विकत घेणारा शेजारी उभा आणि गाडी क्षणाक्षणाला तरुण होत चाललेली!

अशा वेळी वरून फुर्बा शेर्पाची जीप उतरली. फुर्बा म्हणजे या रस्त्यावरचा सर्वांत म्हातारा ड्रायव्हर. निम्म्या ड्रायव्हरांना त्यानेच शिकवलेलं. तोंडात छुर्पीचा खडा चघळत तो शांतपणे आला. याकचं हे चीज इतकं कडक की एक तुकडा दोन पिढ्यांना पुरतो. त्याने इंजिनात डोकावलं. रोटरच्या झाकणावरच्या धुळीत छिरिङच्या बोटांशेजारी आणखी एका हाताची ताजी बोटं उमटली होती. फुर्बाने ती बोटं पाहिली. मग काजीमानची बोटं पाहिली. मग त्याची टोपी पाहिली.

"काजी," तो हळूच म्हणाला, "टोपी वाकडी झालीय तुझी."

काजीमानचा हात आपोआप टोपीवर गेला.

फुर्बाने भिंगवाल्या हालदारबाबूंकडे पाहिलं, मागच्या फळीवरच्या बुद्धिमायाकडे पाहिलं, छुर्पी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली आणि मोठ्याने म्हणाला, "मंडळी, हे ठिगळांचं काम नाही. थोरलीला सगळाच आजार आहे. जुनं म्हणून जे जे दिसेल ते काढा!"

"अहो, थांबा!" हालदारबाबू धावले. "तो अस्सल रेडिएटर आहे!"

"अस्सल आहे म्हणूनच गळतोय, बाबू. काढ रे तो!"

"ते दिवे! १९५४ चे!"

"त्यांना आता मोतीबिंदू झालाय. काढा!"

जे निघेल ते बटाट्याच्या एका रिकाम्या पोत्यात जात होतं. पंप गेला, दिवे गेले, आरसा गेला, दाराची दोरीही गेली. पाण्याच्या नळीतून एक पिवळट चकती निघाली, ती काय आहे ते हालदारबाबूंना भिंगातूनही कळेना. फुर्बाने वास घेऊन सांगितलं, "छुर्पी. याच्या बापाने वॉशर म्हणून लावलेली दिसते. तीस वर्षं टिकली. टाका पोत्यात!" प्रत्येक वस्तू पोत्यात पडली की हालदारबाबूंचा चेहरा इंचभर लांब होई. इंजिनाचे मोठे भाग निघाले नाहीत, पण जे निघू शकत होतं ते सगळं निघालं, आणि बारा सीटखालून, तीन गोणपाटांतून आणि नवरदेवाच्या आहेरातून आलेलं सगळं आत बसलं.

चार तासांनी काजीमानने हँडल मारलं. काहीच आवाज आला नाही. त्याने पुन्हा मारायला हात उचलला, तर छिरिङ ओरडला, "दाजू, चालू आहे ती!"

इंजिन नुसतं गुणगुणत होतं. वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या.

हालदारबाबू मात्र रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. "ही आता गाडी राहिली नाही," ते खिन्नपणे म्हणाले. "गावजेवण झालंय हिचं! माफ करा, काजीमानबाबू, मला ही नको."

नको! काजीमानच्या अंगात डंफू वाजू लागला. जेठी वाचली! त्याने फुर्बाकडे पाहिलं. फुर्बा आकाशात ढग बघत होता.

"पण," हालदारबाबू उठले आणि पोत्यापाशी आले. त्यांनी आत हात घातला, जुना दिवा काढून मफलरने पुसला. "पण हे मला द्याल का? खरं तर गाडी इथंच आहे. या पोत्यात."

काजीमान तोंड उघडणार, तेवढ्यात बुद्धिमाया फळीवरून उतरली आणि सौदा करून मोकळी झाली! बाजारात भाजीच्या जुडीवर ती जितकी भांडते, तितकी पोत्यावर भांडली, आणि हालदारबाबूंनी हसत हसत मानलं.

काजीमान पोत्याजवळ गेला. त्यातला रेडिएटर त्याने बापाबरोबर सतरा वेळा झाळला होता. त्या आरशात नवरी बुद्धिमाया पहिल्यांदा चोरून दिसली होती. त्या दिव्यांच्या उजेडात पोरगी जन्मली होती. हे सगळं पोत्यात होतं, आणि समोर उभी होती ती नुसतीच जेठीच्या अंगकाठीची, चांगल्या तब्येतीची कोणी परकी बाई.

"ही मूठ राहिली," कोणीतरी म्हणालं आणि गियरच्या दांड्यावरची अक्रोडाची मूठ फिरवून काढून हालदारबाबूंच्या हातात दिली.

काजीमान एक पाऊल पुढे सरकला.

हालदारबाबूंनी भिंग लावलं. उलटसुलट पाहिली. खळग्यावर बोट फिरवलं. "हं. घरी कोरलेली दिसते. अस्सल नाही. हिला काही किंमत नाही," आणि त्यांनी ती काजीमानच्या तळव्यावर ठेवली.

काजीमानने मूठ दोन्ही हातांनी धरली. मग ती पुन्हा दांड्यावर घट्ट बसवली.

वऱ्हाडाकडे पांढरे खादा, म्हणजे मानाचे शेले, उरले होते. फुर्बाने एक मागून घेतला, गावातून कायमचं जाणाऱ्याच्या गळ्यात घालतात तसा पोत्याच्या तोंडाभोवती बांधला. मग तो काजीमानजवळ आला, त्याच्या डोक्यावरची टोपी सरळ करायच्या निमित्ताने हात आत घातला आणि तो काळा तुकडा मुठीत घेऊन पोत्यात सोडला. "अर्धवट कशाला पाठवायची?" तो एवढंच म्हणाला.

तोवर हालदारबाबूंची भाड्याची गाडी खालून बोलावून घेतली होती, पोतं तिच्या टपावर चढलं. बारा ड्रायव्हर रांगेत उभे राहिले. वळणाआड पांढरा खादा दिसेनासा होईपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

परतताना जेठी एकदाही थांबली नाही. बुद्धिमाया पुढे येऊन बसली होती. चित्रे ओलांडल्यावर ती म्हणाली, "नव्या गाडीची आता गरज नाही. ही येईल माघात परत."

"येईल," काजीमान म्हणाला.

"आणि बुढा, रोज पाचला घरी यायचं. वाटेत नाचणीचा तोङबा ढोसायला बसायचं आणि गाडी बंद पडली म्हणून सांगायचं, ते दिवस संपले!"

हे काजीमानच्या लक्षातच आलं नव्हतं! चाळीस वर्षांचा आधार एका दुपारीत गेला होता.

पोत्याच्या पैशातून बुद्धिमायाने स्वयंपाकघरावर नवे पत्रे घातले. आणि दोन महिन्यांनी कोलकात्याहून एक मोठं पाकीट आलं. आत फोटो होता. संगमरवरी दालन. लाल मखमल. मखमलीवर, काचेच्या पेटीत, एकेक वस्तू मांडलेली. वर झुंबर. हालदारबाबूंनी लिहिलं होतं की धूळ बसू नये म्हणून खास माणूस ठेवलाय, आणि दमट हवेचा त्रास नको म्हणून खोलीत दिवसरात्र यंत्र चालू असतं.

काजीमानने फोटो पुन्हा पुन्हा पाहिला आणि डोळे पुसले. मग बायकोकडे दिला. बुद्धिमायाने तो खिडकीपाशी नेला. झुंबर पाहिलं, मखमल पाहिली, काच पाहिली. चुलीवरची गुंद्रुकची भाजी करपायला लागली तरी पाहतच राहिली.

"वा बुढा!" ती शेवटी म्हणाली. "चाळीस वर्षं या घरात मी मरमर राबले, आणि म्हातारपणी कोलकात्याला जाऊन आराम करतेय ती!"